वडावरची बोचकी

गाय अडली की गावात पहिली हाक झिपरूला जायची, डॉक्टरला नंतर. सारंगखेड्याच्या पुलापासून सात-आठ किलोमीटर आत, तापीच्या काठाला गाव. केळी, पपई, ऊस, आणि घरटी एक-दोन संकरित गायी. अशा गावात वासरू ओढणाऱ्या माणसाला मान असतो. झिपरू साठीला टेकला होता. अंगाने काटकुळा, पण हात लांब आणि निमुळते. खांद्यापर्यंत गोडेतेल चोपडून तो गायीच्या मागे गुडघ्यावर बसायचा, डोळे मिटायचा आणि हात आत घालायचा. आत काय चाललंय ते त्याला बोटांनी दिसायचं. पाय दुमडलेत की मान फिरली आहे, हे तो बाहेरच्या लोकांना सांगत राहायचा. तीस वर्षांत त्याच्या हातून गेलेली वासरं मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. "झिपरूना हातले यश शे," असं गाव म्हणायचं. त्याला दुसरं काही नको असायचं. नारळ, एखादा टॉवेल आणि तिसऱ्या दिवशी तांब्याभर चीक, एवढ्यावर तो खूश असे. याच हातामुळे तो गुरांच्या दवाखान्यात रोजंदारीवर मदतनीस झाला होता. गुरं धरायची, सुया उकळायच्या, बाटल्या धुवायच्या.

वासरू बाहेर आलं म्हणजे झिपरूचं काम संपत नसे. जार, म्हणजे वार, पडेपर्यंत तो तिथेच बसून राही. जार पडली की ती भाताच्या पेंढ्यात गुंडाळायची, गोणपाटात बांधायची आणि गावाबाहेरच्या वडाच्या फांदीला टांगायची. वड चिकाचं झाड. जार तिथे टांगली की गायीला वडासारखं दूध उतरतं, आणि कुत्र्याने ती खाल्ली तर दूध आटतं, असं त्याचा बाप सांगायचा आणि बापाला त्याचा बाप. वडावर अशी दहा-वीस बोचकी कायम लोंबत असत. पावसात ती ठिबकायची. खाली सकाळी गावची गुरं गोळा व्हायची आणि गुराखी येईपर्यंत तिथलंच गवत चघळत उभी राहायची. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनात कधी आलं नाही. झिपरूच्या तर मुळीच नाही.

त्याला ताप यायला लागला तो गणपती उठल्यानंतर. दिवस कलला की अंग कसकसायचं, मग ताप चढायचा, आणि उतरताना एवढा घाम यायचा की रुखमाबाईला गोधडी उन्हात टाकावी लागायची. चार दिवस बरे जायचे, परत तेच. कंबर धरली, गुडघे धरले. एका ठिकाणी सूज आली होती, ती तर त्याने बायकोलाही नीट सांगितली नाही. शहाद्याच्या एका डॉक्टरने मलेरिया म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने टायफॉइड म्हणून सलाइन लावलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ताप त्याच्या घरचाच एक माणूस होऊन बसला.

होळी झाल्यावर आठवड्याने जागृती मॅडम डेअरीत आल्या. दवाखान्याच्या नव्या डॉक्टर, नंदुरबारच्या. तिशीही नसेल, स्कूटीवरून यायच्या आणि बुटांवर चिखल घेऊन जायच्या. गेल्या काही महिन्यांत गावात गायी गाभडल्याच्या बातम्या त्यांच्या कानावर आल्या होत्या. सहाव्या-सातव्या महिन्यात गाय वासरू टाकते आणि मग जार अडकते, हे लक्षण त्यांना बरं वाटलं नव्हतं. म्हणून आज आधी दूध तपासायचं होतं.

डेअरीच्या ओट्यावर त्यांनी काचेच्या बारीक नळ्या मांडल्या. गल्लीगल्लीच्या पाच कॅनमधलं थोडं थोडं दूध नळ्यांत घातलं आणि प्रत्येकीत जांभळ्या औषधाचा थेंब टाकून हलवलं. चहावाल्याकडून आणलेल्या पातेल्यात कोमट पाणी होतं. नळ्या त्यात उभ्या केल्या आणि घड्याळ लावलं.

डेअरीचा चेअरमन रतिलाल खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा, भरल्या अंगाचा, गावात सगळ्यात जास्त गायी त्याच्या. तो म्हणाला, "मॅडम, होळी ते व्हई गयी. आते दूधले काबर रंग लावी ऱ्हायनात?"

लोक हसले. मॅडमही हसल्या. "तासाभराने कळेल, कुणाची होळी राहिली ते."

तासाभराने दोन नळ्यांत दूध सारखं जांभळं दिसत होतं आणि वरची साय पांढरी. तीन नळ्यांत उलटं झालं होतं. खालचं दूध पांढरं पडलं होतं आणि वर सायीला जांभळं कडं धरलं होतं. मॅडमनी नळी उजेडात धरून झिपरूला दाखवली. "अण्णा, हे कडं दिसतंय ना? ज्या गायीच्या दुधाला असं कडं येतं तिला गाभडण्याचा सांसर्गिक आजार असू शकतो. आता या तीन गल्ल्यांतल्या एकेका गायीचं रक्त घ्यायचं. आजार माणसालाही होतो. कच्च्या दुधातून होतो, आणि गाभडलेल्या गायीला उघड्या हाताने हात लावला तर फारच लवकर होतो."

"माणूसले काय व्हस मॅडम?" झिपरूने विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"ताप. येतो, जातो, परत येतो. रात्री घाम सुटतो. कंबर आणि सांधे धरतात. पुरुषांना कधीकधी सूज येते." त्या बोलता बोलता नळ्या पुसत होत्या. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

झिपरूने पातेलं उचललं आणि पाणी फेकायला ओट्यामागे गेला. पाणी फेकून झालं तरी तो तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी रक्त घ्यायला सुरुवात झाली. गाय धरायची, मान वर उचलून एका बाजूला बांधायची, अंगठ्याने मानेची शीर दाबायची, की शीर फुगून दोरीसारखी वर येते. मॅडम सुई घालायच्या, नळी भरायची, आणि झिपरू गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर वाचून सांगायचा. भरलेल्या नळ्या बर्फाच्या डब्यात जायच्या. मॅडमनी त्याला हातमोजे दिले होते. ते घालताना त्याला वाटलं, आपल्या हातांना कुणी तरी पिशवीत बांधतंय.

रतिलालच्या गोठ्यात आठ खुंटे होते आणि सात गायी.

"हा खुंटा रिकामा कसा?" मॅडमनी विचारलं.

"इकी टाकी ती. म्हातारी व्हयेल व्हती." रतिलालने उत्तर दिलं आणि झिपरूकडे पाहिलं.

झिपरू गायीच्या बिल्ल्याकडे बघत राहिला. ती गाय म्हातारी नव्हती, चार वर्षांची होती. पोळ्याच्या चार दिवस आधी ती सात महिन्यांची गाभडली, तेव्हा रतिलालने त्यालाच बोलावलं होतं. वासरू मेलेलंच निघालं. जार अडकली होती, ती त्याने बोटांनी सुटी करत करत काढली. कोपरापर्यंत हात भरले होते आणि हाताला केळीच्या पानाची चीर गेलेली होती. ती जारही त्याने वडाला टांगली. गायीचं दूध उतरावं म्हणून. महिन्याभराने दूध सुधारल्यावर रतिलालने तिला बाजारात पाठवलं. टेम्पोत चढवायला झिपरूच होता. "कोनी इचारं ते, पाय घसरीसन पडनी म्हनीसन गाभडनी, असंच सांगजो," असं रतिलाल म्हणाला होता. त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. डेअरीच्या चेअरमनच्या गायीची चर्चा कशाला.

जसोदाबाईकडे एकच गाय होती, तांबू. जसोदाबाईचा नवरा सुरतेला लूमवर कामाला, सणावारी येणारा. बचत गटातून तिने दिवाळीनंतर कार्तिकात उच्छलच्या पलीकडून, गुजरातेतून ही गाभण गाय आणली होती. माघात ती गाभडली. वासरू गेलं, पण पाच-सहा लिटर दूध होतं, त्यावर तिचं घर चालत होतं. ती तोंडाने फटकळ, पण गायीशी बोलताना तिचा आवाज बदलायचा.

"मॅडम, रगत जरा मापमा ल्या. तिले अजून मन्हं घर चालवनं शे."

"एवढुसं घेते मावशी. चमचाभर."

"चमचाभर चमचाभर करीसनच लोकेसनी मन्हं घर खादं," ती म्हणाली आणि तांबूच्या गळ्याखाली खाजवायला लागली.

रक्त झाल्यावर मॅडमनी फॉर्म काढला आणि तिथेच, गोठ्याच्या दारात, भोवती जमलेल्या बायांना विचारलं, "गाय गाभडली की तिला हात कोण लावतं?"

"दुसरं कोन? आम्हना झिपरूअण्णा," मंगळीबाई म्हणाली. तिचीही गाय माघातच गाभडली होती. "त्यान्हाशिवाय गाव हालस नही."

मॅडमनी पेन थांबवलं. "अण्णा, तुम्हाला ताप येतो का? मधूनमधून?"

सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि बघण्यात काळजी होती, प्रेम होतं. त्या नजरांपुढे त्याच्या तोंडून निघालं, "नही मॅडम. माले काय व्हस? मी खणखणीत शे."

मॅडमनी 'नाही' असं लिहिलं. ते अक्षर त्याला वाचता आलं.

त्या दिवशी घरी आल्यावर रुखमाबाईने विचारलं, "मॅडमले सांगं का?"

"काय सांगू?"

"काय सांगू म्हनजे? गोधडी मी वाळत टाकस, मॅडम नही टाकत."

झिपरू पडवीत जाऊन बसला. त्याचं घर रतिलालच्या मळ्याच्या बांधाला लागून होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. जागा रतिलालच्या बापाने तोंडी दिलेली. कागद कधी झाला नाही, आणि बाप असेपर्यंत कुणाला लागलाही नाही. आता बाप नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी रतिलाल स्वतः आला. पडवीत बसला, पाणी प्यायला, रुखमाबाईला चहा करायला सांगितला. मग म्हणाला, "रगतना निकाल उना. मॅडमना फोन व्हता. तीन गायी निंघन्यात. जसोदानी, मंगळीबाईनी आनि खालली गल्लीमातली एक. मन्हा सातीना सात साफ."

"चांगलं व्हयनं," झिपरू म्हणाला.

"उद्या डेअरीमा बैठक शे. लोके भडकेल शेतस. आजार गावमा कोनी आना, हाई लोकेसले सांगनं पडी. आते उघडच शे ना, भाईरथून गाय आनी ती जसोदानी. तिन्ही गाय गाव भाईर काढी टाकू. तोरणमाळना रस्ताले, डोंगरमा सोडी दिसूत. तिले हाळवर पानी पाजानं नही, दूध डेअरीमा नही. गाव साफ." त्याने चहा संपवला. "तुले कोनी इचारं ते तू बी तेच सांगजो. तुन्हं बोलनं लोके ऐकतस." उठताना त्याने पडवीच्या पत्र्यावर हात ठेवला. "आनि हाई जागाना कागद. मी यंदा करीच टाकस. बापनी जबान शे."

तो गेल्यावर रुखमाबाईने कप उचलला. तीस वर्षांत त्या कागदाचं नाव त्या घरात दहा वेळा निघालं असेल, आणि रतिलालच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

"कागद," ती म्हणाली. एवढंच.

झिपरूने हिशेब करून पाहिला. बोललो तर घर जाईल. बोललो तर गाव म्हणेल, आजार झिपरूच्या हाताने घरोघर गेला. आणि ते खोटं कुठे आहे? रतिलालच्या गायीनंतर तो आणखी किती गायींच्या अंगात कोपरापर्यंत गेला होता. तेल चोपडलं होतं, साबण लावला होता की नाही ते आठवत नव्हतं. मंगळीबाईच्या गायीला त्यानेच सोडवलं होतं. नाही बोललो तर जसोदाबाईची गाय डोंगरात जाईल, तिथल्या पाड्यांवरच्या गुरांत मिसळेल आणि आजार तिथे नेईल. आणि आपण ताप अंगात घेऊन तोंड मिटून बसू. तिन्हीकडून विचार केला तरी दार एकच लागत होतं, आणि ते आतून बंद होतं. त्याने वडाकडेही जाऊन पाहिलं. बोचकी लोंबत होती, काही जुनी, काही माघातली. खाली चार कालवडी उभ्या होत्या. त्याने त्यांना हाकललं. त्या दहा पावलं गेल्या आणि परत आल्या.

बैठक सकाळी डेअरीच्या ओट्यावर भरली. मॅडम एका बाजूला फाइल घेऊन बसल्या होत्या. जसोदाबाई खांबाला टेकून उभी होती, पदर कमरेला खोचून. रतिलाल बोलला आणि चांगला बोलला. गावाची डेअरी, गावाचं नाव, बाहेरून आलेलं संकट. त्याचं संपल्यावर मॅडमनी सांगितलं की आजारी गाय डोंगरात सोडणं चूक आहे, तसं केलं तर आजार दुसऱ्या गावांना जाईल. त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही लोकांनी.

"मॅडम, तुम्ही एवढंच सांगा," रतिलाल म्हणाला, "आजार हिन्हीच गायसंगे उना ना?"

"ते मी सांगू शकत नाही. रक्तात आजार आहे एवढं कळतं. कधीपासून आहे ते रक्त सांगत नाही."

"रगत नही सांगत, पन आम्हले दिसस. गाय गुजरातनी. आजार तठलाच."

जसोदाबाई उसळली. "गुजरातना आजार आनि महाराष्ट्रना आजार येगयेगळा ऱ्हास का रे रतिलालभाऊ? त्यान्हा बी कानमा बिल्ला ऱ्हास का? मन्ही गाय उनी तधळ दाक्तरना कागद व्हता, साफ शे म्हनीसन. आठे उनी आनि गावना ढोरेसमा उभी ऱ्हायनी, तधळपाईन तिन्हं बिघडनं. कार्तिकना पह्यले गावमा एक बी गाय गाभडनी नही का? बोला ना कोनी! तोंडमा काय धरेल शे?"

कुणाला माहीतच नव्हतं. ज्याला माहीत होतं तो बर्फाच्या रिकाम्या डब्याशेजारी उकिडवा बसला होता. जसोदाबाईची नजर एकेका तोंडावरून फिरत फिरत त्याच्यावर आली आणि पुढे गेली. तिने त्याच्यावर संशयही घेतला नाही. ते त्याला सोसवलं नाही.

"मॅडम," तो उठला. गुडघ्यांनी आवाज केला. "मी लबाड बोलनू. माले ताप येस. गणपती उठनात तधळपाईन."

मॅडमनी मान वर केली.

"तुम्ही सांगं ना, घाम, कंबर, सूज. सगळं शे. आनि जसोदानी गाय कार्तिकमा उनी. मन्हा ताप त्यान्हा दोन महिना पह्यलेना. पोळाना चार दिन पह्यले रतिलालभाऊनी गाय गाभडनी. सात महिनानं वासरू, मरेल. मीच काढं."

"झिपरू!" रतिलाल म्हणाला. "ताप डोकामा चढी गया का रे तुन्हा?"

"चढी गया व्हई. पन गाय गाभडनी. तीच तुम्ही इकी. टेम्पोमा मीच चढाई."

ओट्यावर एकदम गलका झाला. मॅडमनी हात वर करून तो थांबवला आणि सावकाश विचारलं, "अण्णा, जार? त्या गायीची जार काय केली?"

झिपरूने वडाच्या दिशेला पाहिलं. डेअरीवरून वड दिसत होता. "टांगी," तो म्हणाला. "सगळ्यासन्या टांगतस तशी."

मॅडमही तिकडे बघत राहिल्या. रोज त्या झाडाखालून त्यांची स्कूटी जायची. "ती बोचकी जारेची आहेत?" त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं, नवसाची असतील." मग त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. आजाराचं सगळ्यात जास्त विष त्या जारेत असतं. ती ठिबकते, गवतावर पडते, गुरं गवत चाटतात, आणि सावलीत, ओलीत ते विष महिनोन्‌महिने टिकतं. रतिलालची गाय, मग वड, मग बाकीच्या. जसोदाबाईची गाय आजार घेऊन आली असेल असं नाही. इथे येऊनच तिला झाला असण्याची शक्यता जास्त.

जसोदाबाईने कमरेला खोचलेला पदर सोडला. बोलली ती मंगळीबाई.

"म्हंजे अण्णा, मन्ही गायनं वासरू…" ती थांबली. "तू मन्हा घर उना व्हता. मी तुले चहा पाजा व्हता."

कालपर्यंत ज्या नजरांत प्रेम होतं त्या आता झिपरूच्या हातांवर होत्या. त्याने हात पाठीमागे घेतले.

मॅडमनी सगळं लिहून दिलं. तिन्ही गायी गावातच, पण वेगळ्या बांधायच्या. विकायच्या नाहीत, सोडायच्या नाहीत. दूध डेअरीत द्यायचं नाही, घरी प्यायचं तर चांगलं उकळून. जार आणि मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरायचं. वडावरचं सगळं उतरवून जाळायचं. कालवडींना लस द्यायची. गाय डोंगरात सोडायची गोष्ट परत कुणी काढली नाही. रतिलाल खुर्चीतून उठला आणि कुणाकडे न बघता घरी गेला.

"आणि अण्णा," मॅडम शेवटी म्हणाल्या, "तुम्ही उद्या नंदुरबारला सरकारी दवाखान्यात जायचं. मी चिठ्ठी देते. आणि आता कुठल्याही गायीला हात लावायचा नाही."

"कवलोंग?"

"बरे होईपर्यंत. खरं सांगू, त्यानंतरही नको."

नंदुरबारला त्याचं रक्त घेतलं आणि ते तसंच निघालं. दोन जातीच्या गोळ्या, सहा आठवडे, एकही दिवस चुकवायचा नाही. एका गोळीने लघवी नारिंगी व्हायची. रुखमाबाईने एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, "चला, पपईना मळा आते आपलाच." तो हसला. तिने कागदाबद्दल एक शब्द काढला नाही. रतिलालने मात्र आठ दिवसांत मळ्याला तारेचं कुंपण घातलं. "ढोरेसपाईन आजार नको," असं तो लोकांना सांगायचा. खांब झिपरूच्या घराच्या तिन्ही बाजूंनी आले. पुढे एक बैलगाडी जाईल एवढीशी वाट राहिली. निघा असं तो म्हणाला नाही, राहा असंही नाही. दवाखान्यात रोजंदारीला दुसरा माणूस आला.

ताप उतरत गेला. तिसऱ्या आठवड्यापासून गोधडी कोरडी राहायला लागली. पण गाव त्याच्या पडवीपर्यंत येईनासं झालं. वाईट कुणी बोलत नव्हतं. रस्त्यात "कसं शे अण्णा?" विचारायचे, आणि विचारताना दोन पावलं लांब थांबायचे. वैशाखात एका दुपारी पलीकडच्या गल्लीत एक गाय हंबरायला लागली. झिपरू पडवीत बसला होता. पहिल्या दोन हंबरण्यांतच त्याने ओळखलं, वासराची मान फिरली आहे. कुणीतरी जोर करून पाय ओढत होतं, हेही त्याला आवाजावरून कळलं. आधी पाय आत ढकलायला हवेत, मग तोंड धरून मान सरळ. त्याची बोटं मांडीवर आपोआप वळली. तो उठला, तारेपाशी गेला, तारेला धरून उभा राहिला. रुखमाबाई म्हणाली, "मॅडमले फोन करी टाकेल व्हई त्यासनी." तो म्हणाला, "व्हई." तासभर गाय हंबरत होती. मग थांबली. वासरू जगलं की नाही ते त्याने कुणाला विचारलं नाही, आणि सांगायला कुणी आलं नाही.

तांबूला जसोदाबाईने गावाच्या टोकाला, पडक्या खळ्यात एकटी बांधली होती. वर ताडपत्री, पुढे गव्हाण, पाणी डोक्यावरून आणायचं. बैठकीनंतर ती झिपरूशी बोलली नव्हती. त्यालाही तिच्यापुढे जायचा धीर होत नव्हता. पण गायीला आणखी काही होत नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्याला राहवेना. गोळ्यांच्या पाचव्या आठवड्यात एका सकाळी तो खळ्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

जसोदाबाई चारा टाकत होती. पाठ न वळवता म्हणाली, "खांबना गत काबर उभा शे रे अण्णा? मधमा ये. तुले आते काय लागनार शे नवं?"

"चारा खास का ती?"

"खास. दखस ना, रोज खास. दूध बी देस, आनि ते मी एकटी पीस, उकाळी उकाळी. इकाले नको, सोडाले नको, कोनले देवाले नको. माले कयत नही, हाई गाय मी बांधेल शे का गायनी माले बांधेल शे."

झिपरू आत आला आणि गव्हाणीपासून लांब थांबला. गायीचे डोळे चांगले होते, केस चमकत होते. बघणाऱ्याला कळलंही नसतं.

"जसोदा," तो म्हणाला, "मी बैठकमा बोलनू ते…"

"बोलना ना. चांगलं करं. मन्ही गाय डोंगरमा गयी नही." तिने उरलेला चारा झटकला. "पन पोळालेच बोलना ऱ्हाता ते मी तिले वडखाले उभीच करती नही."

ती हे रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. रतिलालची गाय गाभडली, एवढं तर त्याला पोळ्यालाही माहीत होतंच. फक्त कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगायचं ते का, हे त्याला सुचलं नव्हतं.

परत जायला तो वळला तशी ती म्हणाली, "कथा जास? आते कोनती गाय अडेल शे तुन्ही वाट दखत? बठ. आठे कोनी येस नही, आनि तुन्हा कडे बी कोनी येस नही."

खळ्यात एक मोडका ओटा होता. त्यावरचा कडबा तिने हाताने बाजूला सारला. झिपरू बसला. जसोदाबाईने घागर उचलली, पाण्याला निघाली आणि चार पावलांवरून विचारलं, "गोळ्या कितला दिनन्या ऱ्हायन्यात?"

"नऊ."

"चुकाडू नको," ती म्हणाली आणि गेली. झिपरू हात मांडीवर ठेवून बसून राहिला. समोर तांबू रवंथ करत होती.